यावेळी उपस्थित होते

कय्यूमभाईंचा फोटो फ्रिजसमोर काढावा लागला, तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण माणूस थकलेला असला, की त्याला सावध राहायचाही कंटाळा येतो.

झालं असं, की दैनिक 'नळगंगादूत'नं कागदावर छापणं बंद करून मोबाइलवर जायचं ठरवलं. खामगावच्या कार्यालयातून निरोप आला : सर्व वार्ताहरांनी नव्या पोर्टलसाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो पाठवावा. आता हिवरटेकात पांढरी भिंत आणायची कुठून? ज्या होत्या त्या मागच्या निवडणुकीत रंगल्या, उरल्यासुरल्या बियाणांच्या जाहिरातींनी घेतल्या. शेवटी गौसियाभाभींनी नवऱ्याला फ्रिजला टेकवून उभं केलं, "अजी, हसा थोडं, गिऱ्हाइकासमोर हसता तसं," म्हणाल्या आणि फोटो काढला. फोटो बरा आला. फक्त फ्रिजचं हँडल कानामागून शिंगासारखं वर निघालं होतं. आजही हिवरटेकची कोणतीही बातमी उघडा, खाली एकशिंगी कय्यूमभाई हसताना दिसतात.

रोहिणखेडच्या पुढं हिवरटेक. तिथं कय्यूमभाईंचं बटणं, लेस आणि अस्तराचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक थांबलं, की गल्ल्यावरच बसून बातमी लिहायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा रिवाज. बातमीवर त्यांचं नाव कधीच येत नसे. 'हिवरटेक (वार्ताहर)' एवढंच यायचं. म्हणजे हा माणूस कंसातच म्हातारा झाला म्हणा ना.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. फोटोनंतर कार्यालयानं मागितलं, स्वतःच्या नावानं छापलेल्या बातमीचं कात्रण. कात्रणं घरात पोतंभर होती, नाव एकावरही नव्हतं. कय्यूमभाईंनी फोन लावला.

"नाव नाही, तर तुम्ही वार्ताहर आहात हे कशावरून?" तिकडून विचारणा झाली.

"अहो, मीच तं पाठोतो न बातम्या!"

"त्याचा दाखला आणा."

दाखला म्हटलं की हिवरटेकात हिंमतराव. सरपंच त्यांच्या पत्नी गीताबाई, पण खुर्चीत बसायची सवय हिंमतरावांना. सही गीताबाईंची, अक्षर आणि आवाज हिंमतरावांचा. ते आणि कय्यूमभाई चौथीपर्यंत एका बाकावर होते, त्यामुळे काम लगेच झालं. ग्रामपंचायतीच्या कागदावर हिंमतरावांनी लिहून दिलं, 'दाखला देण्यात येतो की, कय्यूम शेख हे कंसातील वार्ताहर असून त्यांना आम्ही लहानपणापासून ओळखतो.' वर गोल शिक्का. कय्यूमभाईंनी तो कागद वाचला आणि स्वतःबद्दल फार वाईट वाटून घेतलं.

त्याच बैठकीत हिंमतरावांनी आपलं गावालगतचं खळं मंडपासाठी देऊ केलं, कारण कय्यूमभाईंच्या मलिहाचा निकाह तोंडावर आला होता. "लेक तुही तशी माही, बे," हिंमतराव म्हणाले, "खळ्यात साऱ्या गावाची पंगत बसन." हे महत्त्वाचं होतं. साखरपुड्याला खामगावहून आलेल्या नवरदेवाच्या काकींनी हिवरटेकाच्या दोन गल्ल्या पाहून गौसियाभाभींना गोडीगोडीत विचारलं होतं, "हमारे तो बहुत लोग आएँगे. तुमच्याकडून येईन न कोणी?" भाभी चहाची कपबशी घट्ट धरून म्हणाल्या होत्या, "सारं गाव येईन." तेव्हापासून त्या घरात हाच एक घोर होता. सारं गाव यायला पाहिजे. हिंदू पाहुण्यांच्या शाकाहारी पंगतीसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी, सगळं ठरलं होतं. फक्त गाव यायला हवं होतं.

पण आधी शिक्षण. खामगावला कापसाच्या बाजाराजवळ, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर सगळ्या वार्ताहरांना बोलावलं. शिकवायला समीक्षा नावाच्या मॅडम, वयानं मलिहाच्याच. त्या पोर्टलच्या संपादक. समोर पन्नाशी-साठीचे वार्ताहर, बहुतेकांच्या खिशाला दोन पेन. मॅडम म्हणाल्या, पेन नको, फोन काढा. आणि एक महिना परीक्षेचा आहे. ज्या गावची बातमी कोणी उघडत नाही, ते गाव पोर्टलवरून बंद.

"तुमची ताजी बातमी वाचून दाखवा, सर," त्यांनी कय्यूमभाईंना उठवलं.

कय्यूमभाईंनी खाकरून सुरुवात केली. "हिवरटेक, कंसात वार्ताहर. येथील नूतन प्रवासी निवाऱ्याचे लोकार्पण सरपंच सौ. गीताबाई यांच्या अध्यक्षतेखाली, समाजसेवक श्री. हिंमतराव यांच्या शुभहस्ते, सेवानिवृत्त कर्मचारी श्री. महादेवराव यांच्या प्रमुख उपस्थितीत..." मग उपसरपंच, सदस्य, माजी सदस्य, पराभूत उमेदवार, तंटामुक्तीवाले, भजनी मंडळ, मशीद कमिटी, दूध डेअरी. पंख्याखाली दोन वार्ताहर झोपले. "...यावेळी उपस्थित होते," असं म्हणून कय्यूमभाईंनी मान वर केली.

"सर, बातमी कुठून सुरू होते?" मॅडमनी विचारलं.

"झाली न मॅडम. संपली बी."

इथं जरा थांबून सांगायला पाहिजे, की कय्यूमभाईंचं काही चुकत नव्हतं. आमच्याकडं बातमी म्हणजे नावं. कार्यक्रम हे त्या नावांना एका ठिकाणी आणायचं निमित्त. एकवेळ निवारा बांधायचा राहिला तर चालेल, नाव राहून चालत नाही. आणि जागा कमी पडली म्हणून कोणाला 'आदी मान्यवर'मध्ये ढकललं, तर ते घराणं पुढं दोन पिढ्या दुसऱ्या दुकानातून बटणं नेतं. हिवरटेकात भांडण चढलं, की माणसं एकमेकांच्या आईबहिणीवर जात नाहीत. "तुले आदीत टाकीन," म्हणतात.

समीक्षा मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "बातमी लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, सर. बातमी कोणाची आहे? ज्याची आहे, त्याचं नाव पहिल्या ओळीत. बाकी सगळं काढायचं."

"बाकी म्हणजे मानसं?"

"माणसं."

कय्यूमभाई बसले.

"निवारा तरी कसा आहे?" मॅडमनी सहज विचारलं.

"चांगला आहे. फक्त पाठमोरा आहे."

"पाठमोरा म्हणजे?"

मग सांगावंच लागलं. निवारा बांधताना कोनशिला कुठं बसवायची यावर गावात चर्चा झाली. नावं येणाऱ्या-जाणाऱ्या बसमधून वाचता यायला पाहिजेत, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यासाठी रस्त्याच्या बाजूला मोठी, सलग भिंत पाहिजे. म्हणून निवाऱ्याची पाठ रस्त्याकडं केली आणि तोंड कपाशीच्या वावराकडं. आता बसमधला माणूस नावं वाचतो आणि निवाऱ्यातला माणूस कपाशी पाहतो. आत बसलं की बस दिसत नाही, आणि ड्रायव्हरला माणूस दिसत नाही. त्यामुळे बस धरायची असेल त्यानं निवाऱ्याबाहेर, उन्हात उभं राहायचं असतं.

मॅडम हसतच सुटल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "सर, ही तुमची पहिली बातमी. निवाऱ्यात बसलात, तर बस गेली! शंभर शब्द, एक फोटो आणि फोटोवर ठळक मथळ्याचं एक कार्ड. एकही मान्यवर नको."

परतीच्या बसमध्ये कय्यूमभाईंनी ठरवलं, की आपल्याला हे जमणार नाही. मग त्यांना वाटलं, पोर्टलवरून हिवरटेक गेलं, तर आपण तरी कोण? नुसते बटणवाले. कंसातनंही गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी फोन घेऊन ते निवाऱ्यावर गेले.

सोबत महादेवराव. महादेवराव म्हणजे शेजारी, सहकार खात्यातून निवृत्त, आणि निवृत्तीपासून सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर बातम्या पाहणारे. त्यामुळे या विषयातला आपला अभ्यास मॅडमपेक्षा जास्त आहे, असं त्यांचं मत होतं. "पहिले व्हिडिओ करा," ते म्हणाले. केला. कय्यूमभाईंनी सदऱ्याला माइक लावला, "नमस्कार, मी आपल्याले दाखवून राह्यलो," एवढं म्हटलं, आणि मागून आलेल्या शेळीनं माइकवरचा स्पंज ओढून खाल्ला. पुढचा सगळा व्हिडिओ कय्यूमभाई शेळीच्या तोंडात बोट घालताहेत, असा आहे. तो पाठवला नाही.

"जाऊ द्या, फोटो काढा," महादेवराव म्हणाले. फोटो काढायच्या वेळी हिंमतराव मोटारसायकलवरून चालले होते. फोटो दिसताच थांबले, भिंतीशेजारी उभं राहून त्यांनी शर्ट नीट केला. फोटोत हिंमतराव नकोत, हे त्यांना सांगायची हिंमत हिवरटेकात कोणाची आहे?

मग कार्ड. दुकानात दोघं डोक्याला डोकं लावून बसले. महादेवराव म्हणाले, "कय्यूमभाई, लाल गोल पाह्यजे. अन् लाल बान. त्याच्याशिवाय लोकं बोट लावत नाहीत. मी सोताच लावत नाही."

"बान कायले? भिंत तं एवढी मोठी दिसून राह्यली."

"दिसून राह्यली म्हनूनच बान पाह्यजे. तुमाले समजत नाही त्यातलं."

बाण लावला. बटणं मोजणारी जाड बोटं आणि फोनची काच, त्यांचं काही जमेना. बाण भिंतीवर ठेवला की घसरायचा, गोल लहान करायला गेलं की मोठा व्हायचा. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, गुलाबी अस्तर मागायला लागलं, आणि त्या गडबडीत कार्ड गेलं. गेल्यावर पाहिलं. वर ठळक अक्षरांत 'निवाऱ्यात बसलात, तर बस गेली!' खाली भिंत, भिंतीशेजारी हिंमतराव. लाल गोल हिंमतरावांच्या तोंडाभोवती आणि लाल बाण थेट त्यांच्या नाकावर. बातमीत नाव एकाचंही नाही.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. पहिले हिंमतराव आले. खाली उतरले नाहीत, गाडीवरूनच बोलले. "चोराले लावतेत तसा बान लावला तू मले. चोराले! अन् नाव बी नाही टाकलं. अबे, चोराचं बी नाव टाकतेत!"

"हिंमतभाऊ, बान भिंतीले होता..."

"नाकाले होता तो! सुरतेले कामाले गेलेल्या आपल्या गुलाबरावचा फोन आला, म्हने भाऊ, काय केलं तुमी, बान काऊन लावला? खळ्याचं आता पाहू." आणि गेले.

मग उपसरपंच आले. मग तंटामुक्तीवाले, तंटा करायला. भजनी मंडळ आणि मशीद कमिटी तर एकत्र आली, जे हिवरटेकात कधी नव्हे ते घडलं. सगळ्यांचं म्हणणं एकच : लोकार्पणाला आम्ही उन्हात उभे होतो, नारळाचं पाणी अंगावर उडालं, आणि बातमीत आम्ही नाही? कय्यूमभाई प्रत्येकाला सांगत होते, की नवी पद्धत आहे, खामगावहून मॅडमनी सांगितलंय. म्हातारी अंबूबाई, जिला वाचता येत नाही, तीसुद्धा येऊन म्हणाली, "मी हळदी-कुकू वाह्यलं होतं त्या दगडाले. माह्यं बी नाव नाही म्हनतेत." तिचं बोलणं कय्यूमभाईंना फार लागलं. कंसात राहिलेल्या माणसाला न छापलेल्या नावाचं दुःख कळतं. पण इलाज नव्हता.

आणि सगळं असं जळत असताना समीक्षा मॅडमचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "सर, तुम्ही काय जादू केलीत? तुमची बातमी पहिल्या नंबरवर आहे! लोक नुसती उघडत नाहीत, शेवटपर्यंत वाचतायत, वर जातायत, पुन्हा खाली येतायत. एकेक माणूस सात-सात वेळा येतोय! इतकं कोणी वाचत नाही हो शंभर शब्द!"

कय्यूमभाईंनी डोळे मिटले. त्यांना माहीत होतं, लोक काय करत होते ते. आपलं नाव शोधत होते. आत्ता नाही, तर मागून आलं असेल, या आशेनं पुन्हा उघडत होते. खाली कुठं बारीक अक्षरात असेल म्हणून थेट जाहिरातींच्या तळापर्यंत जात होते. गुलाबराव तर सुरतेत बसून दर तासाला शोधत होता, आणि तो लोकार्पणाला आलाही नव्हता.

"तुमच्यावर आता पूर्ण विश्वास आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "इथून पुढं तुमची बातमी आम्ही तपासणार नाही. तुम्ही बटण दाबलंत, की थेट प्रसिद्ध."

असा मान मिळाला. त्या दिवशी दुकानात एक बटण विकलं गेलं नाही.

नंतरचे दिवस काही बरे गेले नाहीत. खळ्याची किल्ली आली नाही. निकाहाच्या पत्रिका वाटायला कय्यूमभाई घरोघर फिरले, लोकांनी घेतल्या, पाणीही दिलं, पण "येतो" कोणी म्हणेना. "पाहू," म्हणत. वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे नाही. घरी आलं, की गौसियाभाभी नुसतं तोंडाकडं पाहायच्या. एकदा मात्र फुटल्या. "सारं गाव येईन म्हनून बसली मी त्या काकीसमोर. आता रिकाम्या मंडपात तुमचा मोबाइल मांडू का पंगतीले? एकच पोरगी आहे हो आपल्याले."

कय्यूमभाई उरलेल्या पत्रिका मोजायला लागले.

मलिहा मोताळ्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. ती अशी, की घरात आग लागली तरी शांत. ती म्हणाली, "अब्बा, माफी मागा न सरळ."

"कोनाकोनाची मागू, बेटा? सारं गावच आदीत टाकलं मी."

निकाह रविवारी. शुक्रवारी नमाज पढून कय्यूमभाई दुकानात येऊन बसले. बाहेर ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. इतके थकले होते, की थकव्यानं झोपही येईना. अशा वेळी माणूस जुनं काहीतरी करतो. कय्यूमभाईंनी फोन काढला आणि बातमी लिहायला घेतली, त्यांच्या पद्धतीनं.

छापील पेपरच्या काळात खामगावला जाणारी शेवटची बस दुपारची. बातमी तिच्यातून पाठवायची आणि कार्यक्रम संध्याकाळचा. मग वार्ताहर काय करणार? कार्यक्रमाआधीच बातमी लिहून ठेवायची. पत्रिकेवरची नावं घ्यायची, शेवटी 'संपन्न झाला' लिहायचं आणि ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. त्यात खोटं काही नसे. कार्यक्रम बातमीबरहुकूम होत असे, लोक तशी काळजी घेत.

तशीच त्यांनी ही लिहिली. 'हिवरटेक : येथील कय्यूम शेख यांच्या कन्येचा विवाह मोठ्या थाटात संपन्न झाला. यावेळी समाजसेवक हिंमतराव यांनी आशीर्वादपर मनोगत व्यक्त केले...' आणि मग नावं. सगळी. उपसरपंच, सदस्य, पराभूत उमेदवार, भजनी मंडळातले टाळवालेसुद्धा एकेक करून. 'श्रीमती अंबूबाई'. सुरतेचा गुलाबराव. महादेवरावांना 'ज्येष्ठ माध्यम अभ्यासक' केलं. कोणाला आदीत टाकलं नाही. लिहिता लिहिता त्यांना सगळे खळ्यात बसलेले दिसायला लागले, आणि या माणसाचे डोळे भरून आले. रविवारी संध्याकाळी नाहीतरी कोणी येणार नाही, निदान लिहून तरी ठेवावं, असं त्यांना वाटलं. ठेवावं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

ठेवायचं बटण वेगळं होतं.

पहिला फोन हिंमतरावांचा.

"कय्यूम."

"बोल, भाऊ."

"मी लग्नाले आलो होतो म्हनते पेपर."

कय्यूमभाईंना आता कळलं, काय झालं ते. "हाव," ते कसंबसं म्हणाले.

"जेवलो का मी?"

"जेवला न. शाकाहारी पंगतीत, पहिल्याच बैठकीले."

"अन् मनोगत व्यक्त केलं?"

"आशीर्वादपर."

"काय म्हनलो?"

"ते नाही लिव्हलं, भाऊ. जागा नव्हती."

मग हिंमतराव मोठा सुस्कारा टाकून म्हणाले, "मंग आता यावंच लागन न बे. छापून आलं त्याले खोटं कसं पाडावं? किल्ली पाठोतो खळ्याची. अन् मनोगताले माइक सांगजो, चांगल्या आवाजाचा."

दुसरा फोन समीक्षा मॅडमचा. "सर, लग्न रविवारी आहे ना? आज शुक्रवार आहे! ही खोटी बातमी झाली!"

"खोटी नाही, मॅडम. लवकर आली."

"निदान 'उपस्थित राहणार' तरी करा."

"राहनार केलं तं कोनी येनार नाही हो, मॅडम! होते लिव्हलं म्हनूनच येतीन सारे!" कय्यूमभाईंचा आवाज फाटला. "माह्या पोरीचं लगन आहे. गाव आलं पाह्यजे. मंग सोमवारी मले काढून टाका, मी काई म्हननार नाही."

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी तपासते. एक जरी नाव खोटं निघालं ना, सर, तर लॉगिन बंद."

आणि रविवारी सारं गाव आलं. नुसतं आलं नाही, बातमीत होतं त्या क्रमानं आलं. टाळवाले टाळ घेऊन आले, कारण त्यांना वाटलं लागतील. गुलाबराव रात्रभर बसमध्ये उभा राहून सुरतेहून आला आणि मंडपात शिरताच म्हणाला, "काय करता, नाव आलं होतं." महादेवराव येणाऱ्याला दारातच विचारून घेत होते, "तुमचं दुसऱ्या ओळीत आहे न? मंग तिकडं बसा." खामगावच्या काकींनी गर्दी पाहिली आणि गौसियाभाभींच्या हातात हात दिला. भाभींनी नुसती मान उंच ठेवली. हिंमतरावांनी मनोगत व्यक्त केलं. निवाऱ्यापासून सुरुवात करून ते मलिहापर्यंत आले तेव्हा पहिली पंगत उठली होती, पण शेवटचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही, रुमाल काढावा लागला. "लेक... तुही तशी..." एवढंच म्हणाले.

कय्यूमभाई खळ्याच्या कोपऱ्यात उभे राहून हे पाहत होते. त्यांना वाटलं, या जन्मात एक तरी बातमी आपण खरी लिहिली.

निघायच्या आधी मलिहानं त्यांना आत बोलावलं. नवरीच्या कपड्यांत, मेंदीच्या हातात फोन. बातमी उघडलेली. "अब्बा, सबके नाम आए," ती हसून म्हणाली. "अंबूबाईचं आहे, टाळवाल्याईचं आहे. माह्यं कुठी आहे?"

कय्यूमभाईंनी फोन हातात घेतला. वरून खाली गेले, खालून वर आले. गावानं शोधलं तसं शोधलं. 'कय्यूम शेख यांच्या कन्येचा.' एवढंच होतं. नाव कुठंच नव्हतं.

"असू द्या," मलिहा म्हणाली. "मी आपली सहज म्हनलं." आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. कशानं रडली, जायचं म्हणून की आणखी कशानं, ते बापाला विचारता आलं नाही.

गाडी गेली. मंडपात भांडी वाजायला लागली. कय्यूमभाईंना माणसं नको वाटली, म्हणून ते चालत चालत निवाऱ्यात जाऊन बसले. गावात तेवढी एकच जागा होती, जिथं कोणी बसत नाही. समोर कपाशी, मागं रस्ता. त्यांनी फोन काढला. छापलेला पेपर एकदा निघाला की निघाला, त्यात राहिलेलं नाव कायमचं राहिलं, किती घरांचं असं राहून गेलं. पण यात दुरुस्ती करता येते, हे मॅडमनी शिकवलं होतं. आणि काय विचारायचं, तेही शिकवलं होतं. बातमी कोणाची आहे?

त्यांनी वरची ओळ पुसली. जाड बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'मलिहा आज सासरी गेली.' खाली तिचा फोटो लावला, बाण न लावता. मग नावांपाशी आले. हिंमतराव. महादेवराव. टाळवाले. सगळे आले होते, सगळे जेवले होते, कोणी खोटं पडलं नव्हतं. मग सगळी काढली.

गाडी रोहिणखेडच्या पुढं गेली असेल, तेव्हा मलिहाचा फोन आला. "अब्बा, दिसलं," ती म्हणाली. मागं गाडीतल्या बायकांचा गलका होता. "पहिल्याच ओळीत आहे."

"हाव."

"अन् बाकीच्याईचे?"

"काढले."

"सारे?"

"शुक्रवारची बातमी त्याईची होती, बेटा. ही तुही आहे."

तिकडं ती हसली की रडली, ते गलक्यात कळलं नाही. तिनं फोन ठेवला आणि लगेच पुन्हा वाजला. हिंमतराव. तो थांबला, तर उपसरपंच. मग भजनी मंडळ. मग पुन्हा हिंमतराव.

मागून बसचा हॉर्न ऐकू आला, बस भिंतीवरची नावं वाचत निघून गेली असावी. कय्यूमभाईंनी फोन बाकावर उलटा ठेवला आणि वाजू दिला.